पहिलं पान पेटीले

गेल्या महिन्यात मुलीचा होस्टेलवरून फोन आला आणि आमच्या घरात मी अचानक मोठा माणूस झालो.

"बाबा, तुमचं नाव कर्नलमध्ये आहे! आणि तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही?"

फोन स्पीकरवर होता. बायको शेजारी मेथी निवडत होती. तिने मुलीकडून सगळं नीट समजून घेतलं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेला, कुणालाही फुकट मिळणारा, लाखो ओळींचा. त्या लाखो ओळींत एक ओळ तिच्या नवऱ्याची निघाली. दोन शब्दांची. संध्याकाळपर्यंत ही बातमी तिच्या दोन्ही बहिणींना, खामगावच्या भावाला आणि दूधवाल्याला कळली. दूधवाल्याने "अभिनंदन, सर" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दुधात पाणी जरा कमी घातलं. माझ्या आयुष्यातला एवढाच प्रत्यक्ष सन्मान.

पेढे मात्र मी आणू दिले नाहीत. बायकोला वाटलं, विनय. एकवीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यात विनय कधी पाहिला नव्हता, म्हणून ती थोडी घाबरलीही. त्या दोन शब्दांची हकिकत सांगायची तर आधी काकांची सांगावी लागते, आणि काकांची सांगितली की माझी अब्रू जाते. आता पन्नाशी आली. अब्रू तशीही जपून ठेवण्याजोगी फार उरलेली नाही. सांगतो.

मेहकरजवळच्या एका खासगी तंत्रनिकेतनात मी कंत्राटी लेक्चरर म्हणून लागलो. नवी डिग्री, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिल्याच दिवशी संगणकाच्या प्रयोगशाळेच्या दारात एका माणसाने मला अडवलं. पॅन्टबाहेर शर्ट, पायात काही नाही, आणि करदोट्याला किल्ल्यांचा जुडगा.

"चप्पल भाईर."

"मी नवीन लेक्चरर आहे."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "मंग बूट भाईर."

हे काका. प्रयोगशाळा सहायक. बारावी पास, राहायला जानेफळ, रोज पहिल्या एसटीने यायचे. बूट काढण्यातून प्राचार्यांचीही सुटका नव्हती. एकदा तपासणी समिती आली तेव्हा पाच साहेब मोज्यांवर उभे राहिले आणि त्यातल्या एकाच्या मोज्यातून बाहेर आलेला अंगठा सगळ्या वर्गाने पाहिला. त्या वर्षी आमच्या कॉलेजला 'समाधानकारक' एवढाच शेरा मिळाला. तो त्या अंगठ्यामुळेच मिळाला, असं प्राचार्यांचं कायमचं मत झालं.

आमच्याकडे शिकवणारे ते 'सर', ऑफिसातले ते 'साहेब', आणि हे एकटे 'काका'. तेही घरच्या काकांसारखं नाही. "काका, पंखा बघा", "काका, पाणी आलं का" या सुरातलं. मीही त्याच सुरात हाक मारायचो. ते मात्र मला, त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणसाला, न चुकता 'सर' म्हणायचे.

एखादा पोरगा "काका, प्रोग्राम चालत नाही" म्हणत आला की काका विचारायचे, "कोनाच्या घरी?"

पोरगा गोंधळायचा. काका म्हणायचे, "बे, नुसतं चालत नाही म्हनू नोको. कोनाच्या घरी चालत नाही, थे सांग. शेजारच्या घरी चालून राह्यलं असन."

घर म्हणजे प्रोसेसरचा प्रकार. कर्नल एकच, पण तो पन्नास तऱ्हांच्या प्रोसेसरवर चालावा लागतो. टेबलावरचा संगणक वेगळा, फोनमधला वेगळा, कारखान्यातला वेगळा. मी एकदा वर्गात 'प्रोसेसरच्या जाती' असं म्हणालो. तास संपल्यावर काका फळा पुसता पुसता म्हणाले, "सर, जाती नोका म्हनू. आपल्याकडं त्या शब्दाचं कधी चांगलं झालं नाही. घरं म्हना." तेव्हापासून मी घरं म्हणतो. आजही वर्गात म्हणतो. पोरं हसतात.

कर्नल बांधायच्या, म्हणजे त्या ओळींपासून चालणारा तयार करायच्या, आधी तो प्रश्न विचारतो. हे हवं का, ते हवं का. हजारो प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. प्रत्येक प्रश्नाखाली इंग्रजीत चार ओळींचा खुलासा असतो. काकांचं सगळं इंग्रजी त्या खुलाशांवर झालेलं. वर्तमानपत्राचा मथळा त्यांना लागायचा नाही, पण हे खुलासे तोंडपाठ. त्यातल्या पुष्कळ खुलाशांच्या शेवटी एकच वाक्य असतं, त्याचं काकांनी वऱ्हाडी करून घेतलेलं: "शंका असली तं नाही म्हना." हे वाक्य ते कुठेही वापरायचे. दुसरा चहा, सोयाबीनचं नवं बियाणं, पुतण्याला सांगून आलेली मुलगी. पुतण्या बरीच वर्षं बिनलग्नाचा राहिला.

त्या प्रश्नांचे एकमेकांशी लागेबांधे असतात, आणि कर्नलमधलं खरं अवघड काम तेच. काही गोष्टी म्हणतात, अमुक असेल तरच मी येईन. काही गोष्टी आल्या की दुसऱ्याला सोबत ओढून आणतात. हा फरक मला कॉलेजात चार वर्षांत कुणी समजावला नव्हता. काकांनी डबा खाता खाता समजावला.

"तुम्ही शेगावचे ना, सर? मंग पंगत काय तुमाले शिकवा लागते का. एक पावना म्हन्ते, पान मांडलं असन तं बसतो. थो भला मानूस. दुसरा पावना येतानी कोनाचा तरी हात धरून त्याले ओढत आनते. बस म्हन्ते माह्या बाजूले. आता ज्याले ओढून आनलं, त्याचा उपास हाये का, त्याले घरून सांगावा हाये का, हे कोनी पुसत नाही. थो बसते. वाढलं की मंग समजते, बाप्पा, याले तं चालतच नाही."

"मग ओढून आणूच नये?"

"आना ना. पन ज्याच्या काही अटी नाहीत, त्याले आना. ज्याच्या अटी हायेत त्याले ओढलं, तं कोन्या ना कोन्या घरची पंगत मोडतेच."

एवढं मला दिलं होतं त्या माणसाने, लोणच्याच्या फोडीसोबत. मी मान हलवली आणि फोड खाल्ली.

आता पेटी.

तालुक्यातली एक सूतगिरणी बंद पडली तेव्हा तिथलं यंत्र कॉलेजला देणगी म्हणून आलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कडब्यावर बसून. लोखंडाची करडी पेटी, दोन माणसांनाही उचलायला जड, आत कुठल्याशा बुडालेल्या परदेशी कंपनीचा प्रोसेसर. प्राचार्यांनी दाराजवळ ठेवून तिच्यावर कुंडी ठेवायची ठरवली होती. काका म्हणाले, "कुंडी नोका ठेवू, मी पाहातो." आणि पाहायला लागले. कर्नलच्या लाखो ओळींत या पेटीच्या घराचाही एक कोपरा निघाला. पडीक. त्या घराची देखभाल करणारा गृहस्थ म्हातारपणामुळे सोडून चालला होता आणि विचारत होता, कुणाकडे हे यंत्र आहे का? काकांनी डिक्शनरी घेऊन दोन दिवसांत तीन वाक्यं लिहिली. पेटी माझ्याकडे आहे. ती चालू आहे. मी पाहीन.

आणि कर्नलसोबत देखभाल करणाऱ्यांची जी यादी असते, जी जगात कुणीही उघडून वाचू शकतं, तिच्यात त्या घरापुढे काकांचं नाव लागलं.

हे कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं. मलाही दोन वर्षांनी कळलं, तेही एसटीत. तिकिटासाठी त्यांनी खिशातून पास काढला आणि त्यासोबत घडी घातलेला, प्लास्टिकमध्ये बंद केलेला कागद आला. यादीचं ते पान. मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला सरळसरळ मत्सर वाटला. डिग्री माझी, आणि नाव यांचं.

"कोनाले सांगू नोका," काका म्हणाले. "फक्त घरी मालूम हाये."

घरी म्हणजे काकू. मुलंबाळं नव्हती. मी जानेफळला एकदा जेवायला गेलो तेव्हा काकूंनी भाकरी वाढता वाढता हळूच विचारलं, "सर, हे म्हन्तात साऱ्या दुनियेच्या यादीत याह्यचं नाव हाये. खरं हाये का हो? का माही मजाक करतात?"

"खरं आहे, काकू. मी पाहिलंय."

त्यांनी पुढची भाकरी मोडून माझ्या ताटात दोन चमचे तूप जास्त टाकलं.

दर गुरुवारी काका कर्नल पाच घरांसाठी बांधून पाहायचे. पेटी स्वतःचं स्वतः बांधू शकायची नाही, तेवढी ताकद तिच्यात नव्हती. तिचं टेबलावरच्या संगणकावर बांधायचं आणि मग तिच्यात नेऊन चालवायचं. काका म्हणायचे, "चूल शेजारची, भाकर हिची." त्या बांधणीला चार तास लागायचे, आणि तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग असं की सलग चार तास वीज मिळणं म्हणजे नशीब. काकांनी विजेचं वेळापत्रक कपाटाच्या आतल्या दाराला चिकटवलेलं होतं आणि त्याप्रमाणे ते गुरुवार मांडायचे. आधी पेटी, मग बाकीची घरं. पेटी मधेच वीज गेल्याने अर्धवट राहिली तर पुन्हा पहिल्यापासून पेटी. मी एकदा वैतागून म्हणालो, "काका, आधी चार सोपी उरकून घ्या ना."

"नाही, सर. पहिलं पान पेटीले. ज्याले कमी पचते त्याले आधी वाढा लागते. त्याले पचलं तं साऱ्याले पचते. बाकीचे काय, गोटे बी पचवतीन."

पेटी सुरळीत चालू झाली की ते वहीत खूण करायचे. दोनशे पानी वही, पाच घरांचे पाच रकाने. मग पेटी बंद करून भिंतीवरच्या महाराजांच्या तसबिरीवरचं एक झेंडूचं फूल तिच्यावर ठेवायचे. की झाला गुरुवार.

एका वर्षी दिवाळीनंतर काकूंच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याला ऑपरेशन, त्यानंतर इंजेक्शनांचे फेरे. चार महिने तरी तिकडेच राहावं लागणार होतं. जायच्या आदल्या दिवशी गुरुवारच होता. काकांनी पेटी चालवली, खूण केली, फूल ठेवलं आणि करदोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. करदोट्यापासून किल्ली वेगळी झालेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"सर, गुरुवार तेवढा पाहा. वहीच्या पुठ्ठ्यावर माह्या टपालाचा पासवर्ड हाये, टपाल बी पाहत जा. आन एक. साऱ्याहिच्या फाईलीले हात लावला तं पाचही घरं पाहा लागते. पहिलं पान..."

"पेटीला. माहीत आहे काका, तुम्ही निर्धास्त जा."

पहिला गुरुवार आला. बांधणी लावली, दोन तासांनी वीज गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. संध्याकाळी मी वही उघडली, पेटीच्या रकान्याकडे पाहिलं. गेल्या आठवड्यात तर नीट चालली होती. एका आठवड्यात तिला काय होतंय? मी खूण केली. आपण सोयीसाठी जे पहिलं खोटं करतो ते फार हलकं असतं, हातालाही जाणवत नाही. दुसऱ्या गुरुवारी मी बांधणी लावलीच नाही. तिसऱ्या गुरुवारी खूण आधीच करून ठेवली.

त्याच दिवसांत कॉलेजने तळहातावर मावतील असे छोटे बोर्ड घेतले. पोरांना त्यावर मातीतला ओलावा मोजणारं यंत्र करायचं होतं. ते चालेना. मी आठ दिवस खपलो आणि कारण सापडलं. त्या यंत्राला कर्नलमधला आणखी एक भाग लागत होता आणि तो कुणी चालू केलेला नव्हता. उपाय सोपा होता. प्रश्नांच्या फाईलीत एक ओळ घातली, दोन शब्दांची: या यंत्राला 'हो' म्हटलं की त्या भागाला ओढून आण. बोर्डावर चाललं. टेबलावरच्या संगणकावर चाललं. ज्याला ओढून आणलं त्याच्या काही अटी आहेत का, हे मी पाहिलं नाही. त्याची अट होती. एक विशिष्ट जोडणी आत असली तरच तो चालायचा. आजच्या जवळपास सगळ्या घरांत ती जोडणी असते. पेटीच्या घरात नव्हती.

मी ओळ कर्नल सांभाळणाऱ्यांकडे पाठवली. तिकडे ज्याने तपासली त्याच्या घरीही ती चालली. आठवड्याने उत्तर आलं, घेतली. माझं नाव कर्नलमध्ये गेलं. मी ऑफिसच्या फोनवरून अकोल्याला काकांना फोन लावला.

"काका! माझी ओळ घेतली!"

"काय सांगता, सर!" मागे दवाखान्याचा गोंगाट होता. काका कुणाला तरी ओरडून सांगत होते, "आमच्या सरांची ओळ घेतली!" मग पुन्हा फोनवर आले. "पेटीले वाढलं होतं ना, सर, पहिलं पान?"

मी थांबलो. एक श्वासभर.

"हो," म्हटलं.

काकांनी त्या दिवशी वॉर्डात पेढे वाटले, हे मला नंतर काकूंकडून कळलं. ओळ म्हणजे काय, हे वॉर्डात कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या पोराचं काहीतरी चांगलं झालं, एवढंच सांगून वाटले.

त्यानंतर दर आठवड्याला काकांच्या टपालात एक पत्र येऊन पडत होतं. तिकडच्या एका यंत्राकडून आपोआप येणारं: पेटीच्या घरची बांधणी मोडली आहे. मी ते टपाल एकदाही उघडलं नाही. माझं मात्र रोज उघडायचो, कुणी कौतुक केलंय का ते पाहायला.

चार महिन्यांनी काका परतले. काकू वाचल्या होत्या, काका निम्मे झाले होते. त्यांनी प्रयोगशाळेत एक चक्कर मारली, वही चाळली आणि टपाल उघडायला बसले. मी शेजारीच होतो. मोडल्याची पत्रं खाली खाली सरकत गेली, आणि त्यांच्यात एक, नऊ दिवसांपूर्वीचं, एका माणसाने लिहिलेलं पत्र होतं. लिहिणारा सभ्य होता. म्हणत होता, दोन आवृत्त्या होऊन गेल्या, या घराची बांधणी होत नाही, आणि कुणाची तक्रारही नाही. देखभाल करणारे उत्तर देत नाहीत. म्हणजे हे यंत्र आता कुणी वापरत नसावं. हे घर कर्नलमधून काढून टाकावं. खाली सहा जणांचा होकार होता.

काकांनी दहा मिनिटांत चूक शोधली. माझी ओळ पडद्यावर आली, शेजारी माझं नाव. ते ओळीकडे पाहत राहिले आणि मी त्यांच्या अनवाणी पायांकडे.

"दुरुस्ती एका शब्दाची हाये," ते म्हणाले. "ओढून आन काढाचं, असन तं ये लिहाचं." मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "सर, माहं इंग्रजी या कामाचं नाही. पत्र तुम्ही लिहा. मी सांगतो."

मी कीबोर्ड ओढला.

"लिहा. यंत्र चालू हाये. मी वापरतो. चूक माही हाये."

माझी बोटं थांबली.

"लिहा ना, सर. चूक माही हाये. बांधनी पाहाचं काम माहं होतं, मी पाह्यलं नाही. पुढं असं होनार नाही."

"काका, काकूंच्या आजाराचं लिहू का? तुम्ही इथे नव्हता, हे तरी..."

"बिमारी कायले सांगायची? थे लोक काय भेटाले येनार हायेत?"

मी लिहिलं. चूक माझी आहे. बघायचं काम माझं होतं, मी पाहिलं नाही. एकेक शब्द खरा होता. फक्त खाली सही काकांची होती. इतकं खरं पत्र मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही, आणि ते माझ्या नावाने गेलं नाही.

उत्तर दोन दिवसांनी आलं. आभार मानले होते. पुढे होतं, चूक लहान आहे हे मान्य. पण एवढे महिने ती कुणालाच टोचली नाही, हा मुद्दा आहे. तुमच्याशिवाय हे यंत्र वापरणारा जगात आणखी एक जरी असेल, तर त्याने लिहावं, आम्ही घर ठेवू. पंधरा दिवसांची मुदत होती. काका रोज टपाल उघडायचे. त्या पंधरा दिवसांत त्यांनी कुणालाही 'कोनाच्या घरी' असं विचारल्याचं मला आठवत नाही.

कुणी लिहिलं नाही.

पेटीचं घर कर्नलमधून काढलं गेलं. देखभाल करणाऱ्यांच्या यादीतली काकांची ओळही त्याच दिवशी गेली. माझ्या ओळीची दुरुस्ती तिकडच्या लोकांनी परत पाठवली. म्हणाले, आता ज्या घरी मोडत होतं ते घरच नाही, तर दुरुस्तीची गरज नाही. ओळ आहे तशी राहिली.

त्याच महिन्यात माझी मुलाखत झाली आणि मी कायम झालो.

काका पुढे दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी शाल आणि श्रीफळ घेतलं आणि पेटी मागितली. प्राचार्यांना जागा मोकळी हवीच होती. पेटी आली तशीच गेली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. काका तिच्या शेजारी बसले होते, शाल तिच्यावर टाकून, ऊन लागू नये म्हणून.

मी जानेफळला जायचं टाळत राहिलो. मग एका गुरुवारी गेलोच. पेटी बाहेरच्या खोलीत, तसबिरीखाली. काकू थकल्या होत्या पण हिंडत-फिरत होत्या. शेजारची एक बाई बसलेली होती, तिला त्या माझी ओळख करून देत होत्या.

"हे मोठे सर, मेहकरचे. याह्यले पूस तुले खोटं वाटते तं. साऱ्या दुनियेच्या यादीत आमच्या याह्यचं नाव हाये का नाही? हाये ना, सर, अजून?"

काका बशीतला चहा फुंकत होते. फुंकणं थांबलं.

"आहे, काकू," मी म्हणालो. "पक्कं आहे."

निघताना काका फाट्यापर्यंत सोडायला आले. बराच वेळ चालल्यावर म्हणाले, "तिले सांगितलं नाही मी. दवाखान्यात पडल्या पडल्या नर्सबाईले बी सांगत होती, याह्यचं नाव हाये म्हनून."

मला राहवलं नाही. "काका, वहीतल्या त्या खुणा खोट्या होत्या. मी एकही गुरुवार..."

"मालूम हाये, सर."

"कधीपासून?"

"आलो त्याच दिवशी. फूल होतं ना. जातानी ठेवलं होतं, बटनावर. पेटी चालू कराची तं फूल उचला लागते. आलो तं तिथंच होतं, वाळून कोळ. वहीत सतरा खुना, आन फूल जागचं हललं नाही."

"मग पत्रात चूक तुमची का लिहायला लावलीत?"

"घर माह्या नावावर होतं ना, सर. तुमची मुलाखत बी होती." एसटी लांबून येताना दिसत होती. "आन दुसरं सांगू का? फोनवर पुसलं तवा तुम्ही हो म्हनायले जरासा वेळ लावला होता. मले तिथंच शंका आली होती. शंका असली तं नाही म्हना लागते. तिथंच म्हनाचं होतं, सर, खरं सांगा म्हनून. मी म्हनलो नाही. मले बी पेढे वाटाचे होते."

एसटी थांबली. त्यांनी माझी पिशवी आत दिली.

काकांना जाऊन आता सहा वर्षं झाली. काकू त्यांच्या आधी गेल्या, यादीत नाव आहे हे पक्कं माहीत असताना. पेटी पुतण्याने भंगारात दिली नाही, एवढं मी जाऊन पाहून आलो.

हे सगळं मी परवा मुलीला फोनवर सांगितलं. माझ्या पोरीला मला वाईट वाटलेलं चालत नाही, लगेच काहीतरी दुरुस्ती शोधते. दुसऱ्या दिवशी तिचा परत फोन आला.

"बाबा, मी तुमची ओळ बांधून पाहिली. रात्रभर लावली होती. अगदी बरोबर आहे हो ती. कुठेच मोडत नाही."

"कोणाच्या घरी?" मी विचारलं.

"सगळ्यांच्या," ती म्हणाली. "जेवढी घरं आहेत, तेवढ्या सगळ्या घरी."